हलक्या हातानं

रेशमाला सुई विसरता येत नाही. सुती कापडावर टाका चुकला तर तो उसवावा, पाण्याचा हात फिरवावा, अंगठ्यानं जरा चोळावं. सूत फुगतं आणि भोक बुजतं. घट्ट विणीच्या रेशमावर मात्र सुई जिथून गेली तिथं बारीक ठिपका राहतो, आणि कापड उजेडाकडे धरलं की तो दिसतो. म्हणून रेशमावर शिवणारी बाई सुई टोचण्याआधी थबकते. टाचणी लावायची तर शिवणीच्या आत दडणाऱ्या पट्टीतच. कच्चा धावदोरा घालायचा तर तोही मऊ, बारीक दोऱ्याचा. सुई दहा किंवा बारा नंबरची, टोकाला तीक्ष्ण, कारण बोथट सुई धाग्यांमधून वाट काढत नाही. धागाच ओढत नेते आणि कापडावर रेघ उमटते. एवढी काळजी घेऊन जो टाका पडतो, तो कुणाला दिसू नये अशीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मला या कामाची ओढ लागली ती या थबकण्यामुळे. करण्याआधी क्षणभर थांबायला लावणारी कामं आयुष्यात फार थोडी भेटतात.

रेशमावरची शिलाई मी आत्याकडे शिकले. सकाळची कामं उरकली की ती दाराजवळ, उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशी बसायची. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर, तिच्यावर साडी. मग बोटांच्या टोकांना चिमूटभर साखर आणि खोबरेलाचे दोन थेंब चोळायची, साखर विरघळेपर्यंत. भांडी घासणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या बोटांना बारीक भेगा असतात. रेशमाचा सुटा तंतू त्यांत अडकतो आणि पिंजतो. हात धुऊन, अगदी कोरडे करून ती सुईच्या नेढ्यात दोरा ओवायची. दोरा बोटापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटाकडे येईतो त्याची चमक गेलेली असते. सुरुवातीला गाठ मारायची नाही, कारण गाठीचा उंचवटा इस्त्रीखाली वर उमटतो. एकाच जागी दोन इवले टाके घेतले की दोरा धरून राहतो. आणि मग ज्या एका गोष्टीसाठी मला जवळ बसवलेलं असायचं, ती सांगायची : "दोरा ओढायचा नाही गं. त्याला जागेवर बसू द्यायचं."

दोरा कापडातून येत असतो तेव्हा त्याचा ताण बोटांना कळत असतो. एक क्षण असा येतो की टाका कापडाला टेकतो. त्यापुढे केसभर जरी ओढला तरी कापड गोळा होतं, चुणी पडते. थांबायचं ते त्या टेकण्यावर. रेशमात ही सीमा इतकी नाजूक असते की डोळ्यांच्या आधी ती बोटांना समजते. धरावं किती आणि सोडावं कुठं, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं. पुढे रेशमाच्या ज्या ज्या कामाजवळ गेले, तिथं तिथं हीच एक गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिली.

हा दोरा कुठून येतो ते समजलं की हात आणखी हलका होतो. तुतीचा पाला खाऊन भरलेली अळी दोन-तीन दिवस अखंड डोकं हलवत राहते, इंग्रजी आठच्या आकड्यात. तिच्या दोन ग्रंथींतून दोन तंतू येतात आणि नैसर्गिक डिंकानं एकमेकांना चिकटून एक होतात. एका कोषाचा तंतू शेकडो मीटर लांब असतो. चांगल्या कोषाचा हजार मीटरपर्यंत, काही वेळा त्याहूनही पुढे जातो, आणि तो सलग असतो. कोष गरम पाण्यात घातला की डिंक सैल होतो, टोक सापडतं, आणि अनेक कोषांचे तंतू एकत्र घेऊन धागा गुंडाळला जातो. कोषातला जीव उष्णतेनं जातो. रेशमाचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं; एका जिवानं स्वतःभोवती विणलेलं घर आपण उलगडून घेतलेलं असतं. मग साबणाच्या पाण्यात उकळून राहिलेला डिंक काढतात, तेव्हा धाग्याचं जवळजवळ पाव वजन जातं आणि उरतं ते मऊ, चकचकीत रेशीम.

ती चमक धाग्याच्या आकारात असते. तुतीच्या रेशमाचा तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल दिसत नाही. कोपरे घासलेल्या त्रिकोणासारखा दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून उजेड परततो. म्हणून रेशमानं भरतकाम करणाऱ्या बाईच्या हातात रंगाच्या जोडीला दिशाही असते. मोराची मान एकाच निळ्या लडीनं भरायची. फक्त भरीव टाक्यांची दिशा हळूहळू वळवत न्यायची. उभे टाके उजळ दिसतात, आडवे गडद, आणि मान वळल्याचा भास होतो. रंग बदललेला नसतो, उजेड वळवलेला असतो. टाका ओढला गेला तर मात्र तंतू एकमेकांवर चढतात, सपाटी मोडते, आणि तेवढ्या जागी मोर विझतो.

विदर्भातल्या कोसा रेशमाचा स्वभाव वेगळा. गडचिरोली, भंडाऱ्याकडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याची अळी उघड्यावर वाढते आणि फांदीला देठानं लटकलेला टणक कोष बांधते. त्याचा तंतू जाडसर, चपटा, मधाच्या रंगाचा. करवतकाठी साडीचं अंग त्याचं असतं. त्यावर शिवताना सुईला हलकी खरखर जाणवते, जंगलाचा उग्रपणा अजून उरल्यासारखी. तुतीच्या रेशमावर जो हात चालतो तो इथं तसाच चालत नाही. थोडा धीट करावा लागतो. म्हणजे हलका हातसुद्धा एकच नसतो. प्रत्येक कापड त्याला आपलं माप सांगतं.

आपल्याकडे घरोघरी पोचलेली रेशमावरची हातशिलाई म्हणजे साडीचा फॉल. नऊवारीला फॉल लागत नसे. सहावारी आली, निऱ्या पायघोळ सुटल्या, काठ चपलांना आणि जमिनीला घासू लागला, तेव्हा काठाच्या आतल्या अंगाला साधारण पाच इंच रुंदीची सुती पट्टी लागली. ती काठ वाचवते आणि निऱ्यांना वजन देऊन सरळ पाडते. सुती साडीला मशीनवर फॉल लावला तरी चालतं. पैठणी, नारायणपेठ, कांजीवरम मशीनखाली द्यायला जाणती बाई धजत नाही.

आत्या फॉल आणला की आधी पाण्यात भिजवून वाळवायची, मग इस्त्री करायची. सूत पहिल्या पाण्यात आटतं; न आटलेला फॉल लावला आणि साडी ओली झाली तर पट्टी आखडते आणि काठ ओढला जातो. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. साडी चादरीवर सपाट, सुरकुती न ठेवता पसरायची; मांडीवर घेऊन शिवली तर स्वतःच्या वजनानं ती सरकते. आधी खालची कड काठाला लावून घ्यायची, मग वरची. सुईनं फॉलची दुमड उचलायची आणि साडीचे एक किंवा दोनच धागे. जरीच्या दोऱ्यात सुई घुसवायची नाही, कारण त्यावरचा धातूचा वेढा सुटतो आणि मग तो चरचरत उलगडत जातो. जरीच्या दोन दोऱ्यांमधून वाट काढायची. सुलट बाजूनं पाहिलं तर काठाच्या रंगात बुडालेले पुसट ठिपके, तेही शोधले तर.

दुकानात 'पक्का' म्हणून मिळणारा पॉलिएस्टरचा दोरा आत्या रेशमाला कधीच लावायची नाही. त्याचं कारण मला एका लग्नाच्या दिवशी समजलं. एसटीतून उतरताना गर्दीत कुणाचा तरी पाय आईच्या निऱ्यांवर पडला. कर्रकन आवाज झाला. आईचा चेहरा उतरला. साडी तिच्या स्वतःच्या लग्नातली होती. कार्यालयात पोचल्यावर खोलीचं दार लावून पाहिलं, तर वीतभर फॉल लोंबत होता आणि काठ होता तसा होता. टाके तुटले होते, कापडाला काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्यानं ते पुन्हा घातले, घटकाभराचं काम. पक्का दोरा असता तर तो तुटला नसता; त्यानं रेशीम कापलं असतं. शिलाईच्या या शहाणपणाचा मला तेव्हापासून फार आदर आहे. ताण यायचा तो कधीतरी येणारच. अशा वेळी पुन्हा घालता येईल ते आधी जावं, आणि पुन्हा आणता येणार नाही ते वाचावं.

दक्षिण महाराष्ट्रात इरकली साड्यांवर जो कर्नाटकी कशिदा दिसतो, त्यात हा संयम मोजणीच्या रूपात येतो. धारवाडकडची ही कला, तिकडे तिला कसुती म्हणतात. गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावनं. काळ्या चंद्रकळेवर ती फार खुलतात. यात कापडावर छाप उठवत नाहीत. विणीचे धागे मोजायचे आणि मोजणीवरच चित्र उभं करायचं. गवंती टाका म्हणजे जाताना धावदोरा आणि त्याच वाटेनं परतताना राहिलेल्या जागा भरणं. त्यामुळे उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, नेयगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी फुलीफुलीनं भरतो. मागे गाठ नसते, लोंबता दोरा नसतो. गवंतीचा परतीचा फेरा मला विशेष आवडतो. जाताना रेघ तुटक असते, आणि रिकाम्या जागा पाहून कुणी म्हणेल की काम अपुरं आहे. शिवणारीला मात्र ठाऊक असतं की आपण याच वाटेनं परत येणार आहोत. जाताना एक जरी टाका जास्त ओढला गेला, तरी येताना मोजणी जुळत नाही, आणि गोपुराचा कळस कलतो.

मुंबईच्या पारशी घरांतल्या गारा साड्यांची गोष्ट याहून वेगळी. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनला, कँटनला जात आणि येताना भरतकाम केलेलं रेशीम आणत. त्यातून गारा घडला : जांभळ्या, लाल, काळ्या रेशमावर पांढऱ्या किंवा फिक्या रंगांच्या रेशमानं भरलेले करकोचे, पिओनीची फुलं, बांबू, पूल, माणसं. पारशी बायकांनी त्या परक्या नक्षीला आपल्या बोलीतली नावं दिली. मोठ्या-लहान ठिपक्यांना कांदा-पापेटा, कोंबडा-कोंबडीला मर्घा-मर्घी. त्यातला खाखो टाका म्हणजे इवल्या इवल्या गाठींचा दाट सडा. तो करता करता डोळे जातात असं म्हणत. जुना गारा हातात घेतला की जाणवतं ते वजन. भरत दाट, कापड तलम. अशी साडी हँगरला टांगायची नसते. भरताचं ओझं कापडाला खाली ओढतं. मलमलीत गुंडाळून आडवी ठेवायची आणि अधूनमधून घडी बदलायची. तरी वर्षांच्या ओघात घडीवर रेशीम फाटतं आणि टाके मात्र तसेच राहतात. मग घरातल्या बाया भरलेल्या कोरी, म्हणजे काठाच्या पट्ट्या, हलकेच उसवून नव्या साडीला लावतात. एका पिढीचं काम दुसऱ्या पिढीच्या कापडावर जाऊन बसतं.

हलक्या हाताची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र कापडावर झाली नाही. फ्रान्समधलं ल्यों हे रेशमाच्या विणकामाचं जुनं शहर. जून १८९४ मध्ये तिथं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. शल्यविशारदांना ती सांधता आली नाही आणि कार्नो गेले. रक्तवाहिनी शिवण्याची खात्रीची रीतच तेव्हा नव्हती. अलेक्सी कारेल हा त्या शहरातला, कापडधंद्यातल्या घरात जन्मलेला तरुण डॉक्टर. त्यानं भरतकामासाठी ल्योंमध्ये नावाजलेल्या मादाम लरूदिए यांच्याकडे जाऊन टाके शिकून घेतले. अतिशय बारीक सुया घेतल्या, अतिशय बारीक रेशमी दोरा घेतला, आणि शिरेची भिंत ओरखडू नये, रक्त साकळू नये म्हणून त्यांना व्हॅसलिन लावलं. कापलेल्या शिरेचं तोंड गोल आणि लिबलिबीत. शिवायला घेतलं की मिटतं. कारेलनं कडेला तीन ठिकाणी टाके घेऊन ते हलकेच ताणून धरले. गोलाचा त्रिकोण झाला आणि तीन सरळ कडा शिवायला मिळाल्या. ही रीत त्यानं १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं, आणि अवयव एका देहातून दुसऱ्या देहात बसवण्याची वाट या टाक्यांवरून पुढे गेली.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, अमेरिकेतले शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी शस्त्रक्रियेत बारीक रेशमी दोरा का वापरावा यावर लेख लिहिला. शल्यशास्त्रात आजही शिकवतात की दोरा ज्या ऊतीला धरणार आहे, तिच्याहून तो बळकट असायची गरज नाही, आणि टाका इतकाच घट्ट असावा की कडा एकमेकींना टेकाव्यात. आवळला तर त्या जागेचं रक्त तुटतं आणि जखम भरत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. दोरा ओढायचा नाही, त्याला बसू द्यायचं. दाराजवळच्या चादरीवर जे ऐकलं होतं, तेच शल्यगृहात माणसं जगवत होतं. आता तिथं रेशमाऐवजी बहुतेक कृत्रिम दोरे आले आहेत. नियम तोच आहे.

संग्रहालयांतही तोच नियम पाळला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रेशमाचं डिंकासोबत गेलेलं वजन भरून काढण्यासाठी त्याला कथलाचे क्षार पाजत. कापड जड आणि भारी वाटे, विकलं जाई. ती वस्त्रं आता कपाटात नुसती ठेवलेलीही आपोआप चिरतात. अशा जर्जर कापडाला वाचवायला संवर्धक क्रेपेलिन नावाची रेशमाचीच झिरझिरीत जाळी अंथरतात आणि तंतूएवढ्या दोऱ्यानं, जुन्याच भोकांतून सुई नेत, लांब सैल टाके घालतात. उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला तर आजचे टाके कापडाला इजा न करता काढता यावेत, ही त्यांची अट असते. आपण केलेलं काम पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे, ही अट मला फार मोठ्या मनाची वाटते.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी उसवायला शिकवते. जुन्या साडीचा फॉल काढायला देते. कात्रीचं टोक टाक्याखाली सरकवायचं, कापडाकडे नाही, दोऱ्याकडे वळवून. एक टाका सोडून एक कापायचा आणि मधला तुकडा बोटानं अलगद उचलायचा, खेचायचा नाही. दहा-बारा टाके असे निघाले की मुलीचा श्वास संथ होतो, खांदे खाली येतात. ज्या हाताला रेशीम न दुखावता सोडवता आलं, त्या हाताला ते बांधायला द्यायला हरकत नाही.

ल्योंच्या त्या भरतकाम करणाऱ्या बाईंचं नाव निदान इतिहासात राहिलं. आपल्या गल्लीत 'फॉल-बिडिंग करून मिळेल' अशी पाटी जिच्या दारावर असते, तिचं नाव आपण विचारत नाही. दुकानात पैठणी घेताना पदर उलटून पाहतो, वीण मागूनही स्वच्छ आहे ना याची खात्री करतो, हजारो रुपये मोजतो. आणि तीच साडी फॉलला देताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, उद्याच्या उद्या हवी म्हणतो. या घाईत आणि या दरात हातानं टाका घालणं परवडेनासं झालं की ती बाई नाइलाजानं मशीनवर बसेल, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला असणार नाही. या वेळी साडी परत आली की काठ उलटून पाहा. टाके सारखे, उथळ, सैलसर आहेत का, सुलट बाजू शांत आहे का, ते बघा. तसे असतील तर तिला तसं सांगा, तिला लागेल तितका वेळ द्या, आणि ती मागेल तो दाम द्या. रेशीम अळीनं दिलं, वीण विणकरानं दिली. ते आपल्या अंगावर वर्षानुवर्षं टिकतं ते तिनं कुठं थांबायचं हे ओळखलं म्हणून.